गुरुवार कोणाचा

आमच्याकडे नवराबायकोला काही नाजूक बोलायचं असलं की ती दोघं आधी डोंगरावर जातात. सपाटीवर तसलं बोलणं बरं दिसत नाही. घरात बोलावं तर भिंती पातळ, खालच्या एग्लीबाईंचे कान तिखट, आणि रात्री दहानंतर आमच्या इमारतीत आवाज चढवणं सोडाच, संडासात पाणी सोडणंही असभ्य समजतात. माझ्या आईवडिलांनी घर घ्यायचं की नाही ते एका हिमनदीच्या काठावर ठरवलं. माझ्या बहिणीने घटस्फोट मागितला तो समुद्रसपाटीपासून दोन हजार तीनशे मीटरवर, खिशातून चॉकलेट काढता काढता. त्यामुळे बाल्ट्स जेव्हा म्हणाला, "आपण दोन दिवस डोंगरात जाऊ, शांतपणे बसू आणि गुरुवारचं काय ते ठरवून टाकू," तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. तिथेच मी चुकले.

गुरुवारचं म्हणजे असं. मी पुलांच्या भेगा तपासते. म्हणजे मालिन होईपर्यंत तपासत होते. भेग दिसली म्हणून घाबरायचं नसतं, ती वाढतेय का ते बघत राहायचं असतं, हे माझं काम. मालिन आता अकरा महिन्यांची आहे आणि ऑगस्टपासून परत या, असं कार्यालयाने कळवलं होतं. आठवड्याचे चार दिवस, त्याहून कमी चालणार नाही. "पूल काही अर्धवेळ तडकत नाहीत," असं आमचे आमानसाहेब म्हणतात. हो की नाही ते शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सांगायचं, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. सोमवारी मालिनला सासूबाई बघणार, मंगळवार-बुधवार पाळणाघरात जागा मिळालेली, शुक्रवारी मी घरी. उरला गुरुवार. तो बाल्ट्सचा. बाल्ट्स विमा कंपनीत आहे, आणि आठवड्यातला एक दिवस घरी राहू द्या असं तो तिथे विचारणार होता. फेब्रुवारीत म्हणाला, "विचारतो." मार्चमध्ये म्हणाला, "विचारलंय." एप्रिलपासून "उत्तर यायचंय" चालू होतं. आता जून उजाडला होता.

प्रवासाची बातमी इमारतीत पसरायला जिना पुरला. एग्लीबाईंनी मला पहिल्या मजल्यावर गाठलं.

"बाळाला सोडून जाताय?"

"दोनच दिवस. सासूबाई आहेत ना."

"छान छान. जावं. नवऱ्याला वेळ द्यावा." मग आवाज खाली आणून, "आणि ऑगस्टपासून कामावरही जाणार म्हणे?"

आमच्याकडे तान्ह्या मुलाला सोडून कामावर जाणाऱ्या आईला कावळी म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, सभ्य देश आहे. नुसतं मान कलती करून "जमेल ना तुम्हाला?" असं विचारतात. एग्लीबाईंची मान एवढी कलली की मला वाटलं, आधार द्यावा.

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी आईचं दूध प्रवासात कसं टिकवावं यावर मला अर्धा तास सांगितलं. त्यांना मूलबाळ नाही. पण चीज कसं मुरतं ते त्यांना ठाऊक आहे. सासूबाईंसाठी मी चार पानी सूचनापत्र लिहिलं होतं: झोपेच्या वेळा, हिरड्या शिवशिवल्या तर काय, ताप किती चढला की फोन करायचा, आणि सॉसेज अजिबात नाही. सासूबाईंनी ते चष्मा लावून मन लावून वाचलं आणि म्हणाल्या, "अगं पोरी, मी तीन वाढवलीत. त्यातलं एक तू नवरा म्हणून वापरतेस. चालतंय ना?"

मी ती चारही पानं फ्रीजच्या दारावर चिकटवली.

निघायच्या दिवशी आम्ही विंटरथुर स्टेशनावर पस्तीस मिनिटं आधी हजर. यात विशेष काही नाही, आम्ही सगळे असेच. गंमत पुढे झाली. समोर गाडी उभी होती, दारं उघडी होती, आपण वेळेवर आलोय म्हणजे ही आपलीच, असं धरून आम्ही बसलो. झुरिकला उतरलो, समोरच्या फलाटावर कूरची गाडी उभी होती, तीतही बसलो. झुरिकचं तळं मागे पडलं. डब्यात फारसं कुणी नव्हतं, समोर फक्त एक आजी मोजा विणत होत्या. मी धीर गोळा केला.

"बाल्ट्स, तुझ्या कंपनीने काही—"

"एक मिनिट हं," तो म्हणाला. त्याच्या हातात तिकीट होतं आणि तोंडावर रंग नव्हता. "फ्लुरिना, आपलं तिकीट या गाडीचं नाही. हे सवलतीचं आहे, ठरावीक गाडीचं. आपण अर्धा तास आधीच्या गाडीत बसलोय."

"बरं मग? पुढच्या स्टेशनावर उतरू आणि आपल्या गाडीत बसू."

"तोपर्यंत आपण विनातिकीट."

"कुणाला कळणार आहे?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी एखाद्या पुलाला सुरुंग लावा म्हणाले होते. आणि उठून तो कंडक्टरला शोधायला गेला. माझा नवरा निळ्या पट्ट्यातल्या पार्किंगमध्ये गाडी किती वाजता लावली ते दाखवणारी पुठ्ठ्याची तबकडी दोन मिनिटं मागे लागली तर जेवण सोडून ती सरळ करून येतो. लग्नाआधी मला हे फार आवडायचं. वाटायचं, हा माणूस कधी फसवणार नाही.

कंडक्टर भला माणूस होता. म्हणाला, "मी तुमचं तिकीट अजून पाहिलेलंच नाही."

"म्हणूनच दाखवतोय," बाल्ट्स म्हणाला.

"आणि पाहीनच असंही नाही." त्याने खिडकीबाहेर नजर लावली. "काय सुंदर हवा आहे बघा."

"पण हे नियमात बसत नाही."

"साहेब, डबा रिकामा आहे."

"नियमात रिकाम्या डब्याचा उल्लेख नाही."

समोरच्या आजींनी सुया थांबवल्या. "जाऊ द्या हो त्यांना. बायको बिचारी बाळंतीण दिसते."

माझ्याकडे बघून त्यांना काय काय दिसत होतं कोण जाणे. मी कोट पुढे ओढून घेतला. कंडक्टरने सुस्कारा टाकून यंत्र काढलं आणि अर्ज भरायला घेतला. नाव, पत्ता, जन्मतारीख, कुठून बसलात, का बसलात. 'का' या रकान्यात जागा थोडी आणि बाल्ट्सचं उत्तर मोठं. अर्ज भरता भरता लांडक्वार्ट आलं. तिथे आम्हाला गाडी बदलायची होती, मधे चार मिनिटं.

"उतरा, उतरा!" कंडक्टर म्हणाला. "मी हे फाडून टाकतो, कुणी विचारणार नाही."

"पावती?" बाल्ट्सने विचारलं.

दारं लागली. गाडी आम्हाला घेऊन कूरला गेली. लांडक्वार्ट ते कूर या पट्ट्याचंही तिकीट आपल्याकडे नाही, हे बाल्ट्सच्या लक्षात आलं तेव्हा मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरून बसले. लांबून पाहणाऱ्याला प्रेम वाटलं असेल. आजींना तसंच वाटलं. "असंच राहा हो," म्हणाल्या त्या.

कूरला बाल्ट्सने खिडकीवर रांग लावून दोन्ही पट्ट्यांचे पैसे भरले आणि पावती घेतली, त्यात दोन तास गेले. क्लोस्टर्सला बाल्ट्सचे गियान मामा त्यांची जुनी गाडी देणार होते. आम्ही पोचलो तेव्हा मामा दोन तास दारात उभे राहून तापले होते.

"काय रे, विंटरथुरहून चालत आलास काय?"

बाल्ट्सने सगळं खरं खरं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, गाडी तू चालव."

पण बाल्ट्स चाकामागे बसला होता. मामा खिडकीत वाकले. "उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. आणि उद्या लवकर परता. मेंढ्यांची थंडी येतेय." मेंढ्यांची लोकर नुकतीच उतरवलेली असते आणि नेमका जूनच्या मध्याला गारठा परत येतो, त्या बिचाऱ्या कुडकुडतात, तिला म्हणतात मेंढ्यांची थंडी.

"मामा, गेल्या दहा वर्षांत जूनमध्ये घाट फक्त दोनदा बंद झालाय," बाल्ट्स म्हणाला. विमेवाला.

"मग तिसऱ्यांदा होईल," मामा म्हणाले.

फ्लुएला घाटाच्या माथ्यावर आम्ही थांबलो. तळ्यावर अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते, वारा कानाखाली मारत होता. ठिकाण बोलायला उत्तम. माझी बहीण असती तर तिने इथे दोन घटस्फोट घेतले असते. मी म्हणाले, "बाल्ट्स, उद्या पाच वाजता मला उत्तर द्यायचंय." तो "हो, तेच" म्हणाला आणि नेमका फोन वाजला. सासूबाईंनी चित्रफीत पाठवली होती. मालिन दोन्ही हातांनी सॉसेज धरून चोखत होती आणि मागे सासूबाईंचा आवाज, "बघ गं, आईला दाखव." मी ती तीनदा पाहिली. पहिल्यांदा सॉसेजसाठी, दुसऱ्यांदा गिळतेय की अडकतंय ते बघायला, तिसऱ्यांदा ती माझ्याशिवाय किती मजेत आहे ते बघायला. तेवढ्यात बाल्ट्स गाडीत जाऊन बसला होता.

आमचं हॉटेल वाल्मेरा नावाच्या वस्तीत, मुख्य दरीतून वर जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला काही नाही. निम्म्यात आलो आणि वळणापलीकडून तीन सुरांचा भोंगा वाजला. पोस्टाची पिवळी बस. डोंगरातल्या रस्त्यावर तिचा शब्द शेवटचा: ती पुढे येणार, आपण मागे जायचं. बाल्ट्सला हा नियम पाठ होता. मागे जाणं पाठ नव्हतं.

मी खाली उतरून हाताने खुणा करू लागले. बसमधले चौदा-पंधरा गिर्यारोहकही उतरले. प्रत्येकाचं मत होतं.

"डावीकडे कापा!"

"अहो, त्याची डावी की आपली डावी?"

"बाई, तुम्ही बाजूला व्हा, तुम्ही त्याला घाबरवताय."

हे मला उद्देशून. नेमकी त्याच क्षणी गाडी मागे सरकत पाण्याच्या पाटात एक चाक घालून तिरकी बसली. बसची चालक खाली आली. पन्नाशीची, दंड माझ्या मांडीएवढे. तिने गाडीची नंबराची पाटी पाहिली, मामांच्या, म्हणजे याच परगण्याची, आणि तिचा चेहरा दुखावला गेला.

"इथलेच ना तुम्ही? आणि उलटं चालवता येत नाही?"

मी म्हणणार होते, "माफ करा." बाल्ट्स आधी बोलला. "नाही, गाडी मामांची आहे. मी विंटरथुरचा. आणि खरं सांगायचं तर भोंगा मला आधीच ऐकू आला होता, मी खालच्या रुंद जागेत थांबायला हवं होतं. चूक सर्वस्वी माझी."

"अस्सं. खालचे, सपाटीवरचे," ती म्हणाली, आणि सगळे गिर्यारोहकही "खालचे" म्हणून एकमेकांकडे बघून माना हलवू लागले, जणू आजार कळला. तिने बाल्ट्सला उठवलं, स्वतः बसली, एका झटक्यात चाक बाहेर काढलं आणि तीनशे मीटर उलटी अशी गेली, जशी मी कोपऱ्यावर पाव आणायला जाईन. किल्ली मात्र तिने माझ्या हातात दिली. त्यानंतर बाल्ट्स चाकामागे बसला नाही.

रात्रीच्या जेवणाला पालेभाजीच्या पानांत गुंडाळलेले कणकेचे गोळे होते, इकडे त्यांना कापुन म्हणतात. वर चीज, बाजूला वाइन. मेणबत्ती. खिडकीबाहेर अंधार आणि गारठा. आता तरी, असं म्हणून मी काटा खाली ठेवला.

"कंपनीत काय झालं?"

"विचारलंय ना."

"कुणाला?"

"साहेबांना."

"कधी?"

"अगं, मार्चमध्ये. उत्तर येईल. त्यांच्याकडे सगळं हळू चालतं." आणि त्याने रुमाल उचलला, चार घड्या घातल्या, परत उघडला, परत घातल्या. मी ते पाहिलं. हात आपोआप खिशात भेगा मोजायची पट्टी शोधू लागला. मग मनाला म्हणाले, दमलाय बिचारा. दिवसभर नामुष्की झालीय. उद्या विचारू.

रात्री खोलीत पंप लावून मी दूध काढलं, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि हॉटेलच्या मालकीणबाईंना फ्रीजमध्ये ठेवायला दिली. सकाळी न्याहारीला उतरले तर बाहेर सगळं पांढरं. आणि बाटली, चिठ्ठी ओलाव्याने गळून पडलेली, न्याहारीच्या मेजावर कॉफीच्या किटलीशेजारी उभी. शेजारच्या मेजावर एक म्हातारं जर्मन जोडपं दुसरा पेला संपवत होतं.

"इथलं दूध काही वेगळंच," आजोबा म्हणत होते. "गोडसर."

"डोंगरी गवत," त्यांच्या बायकोने खुलासा केला.

मी बाल्ट्सकडे पाहिलं. डोळ्यांनी, भुवयांनी, मेजाखालून पायानेही सांगितलं: नको. त्यांना कळायचं कारण नाही. म्हातारी माणसं आनंदात आहेत. पण बाल्ट्सने खुर्ची मागे सारली, उभा राहिला, हातातला रुमाल मेजावर ठेवला.

"माफ करा, मला तुम्हाला एक गोष्ट सांगणं भाग आहे."

पुढचं मी लिहीत नाही. आजोबांनी पेला फार हळू खाली ठेवला, एवढं लिहिते. आजीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, नंतर खाली पाहिलं, आणि मग दोघं आपल्या खोलीत गेली आणि सामान घेऊनच परत आली. मालकीणबाई माझ्याशी त्यानंतर आमच्या स्विस बोलीत बोलल्या नाहीत, शुद्ध जर्मनमध्ये बोलल्या, जशा त्या परकीयांशी बोलतात. आणि बाल्ट्स वर जाऊन बॅग भरताना समाधानाने म्हणाला, "त्यांना अंधारात ठेवणं बरोबर झालं नसतं."

घाट बंद होता. दहा वर्षांत तिसऱ्यांदा. पलीकडे जायला एकच वाट उरली: गाडी गाडीवर चढवायची, म्हणजे आपली मोटार रेल्वेच्या डब्यावर नेऊन उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, आणि आत बसून बोगद्यातून पार व्हायचं. पण घाट बंद म्हणजे सगळी दुनिया तिथेच. आम्ही रांगेत लागलो तेव्हा दोन वाजले होते. तीन वाजले. साडेतीन. बाल्ट्स रांग किती सरकली ते मोजायला सारखा खाली उतरत होता. पुढच्या व्हॅनमधली पोरं काचेला नाक लावून मला वाकुल्या दाखवत होती. सव्वाचारला आमच्या रांगेचा दिवा हिरवा झाला आणि मी आमची मोटार डब्यावर चढवली. समोर व्हॅन, मागे ट्रॅक्टर, दोन्ही अंगांना लोखंड. गाडी हलली. उजेड गेला. फोनवरच्या रेघा एकेक करून गेल्या.

अठरा मिनिटांचा बोगदा. मी काचा बंद केल्या.

"बाल्ट्स, इथे कंडक्टर नाही. बस नाही. कुणाच्या कॉफीत काही नाही. तुझे साहेब काय म्हणाले?"

अंधारात त्याचा सीटबेल्ट सुटला, परत लागला, टक टक. चाकांचा आवाज येत राहिला. मग म्हणाला, "मी विचारलंच नाही."

"मार्चमध्ये?"

"नाही."

"कधीच?"

"नाही."

मला वाटलं होतं मी ओरडेन. उलट मी फार सभ्यपणे विचारलं, जसं आम्ही पुलाच्या मालकाला विचारतो. "का? ते नाही म्हणतील म्हणून?"

"नाही." तो थांबला. "ते हो म्हणाले असते. आमच्या विभागात दोघांना दिलाय असा दिवस. विचारलं की मिळतो. म्हणून नाही विचारलं."

समोरच्या व्हॅनमध्ये कुणीतरी दिवा लावला, त्या उजेडात मला त्याचा अर्धा चेहरा दिसला. तो खरंच घाबरलेला होता. यात काही नाटक नव्हतं, तेच वाईट.

"ती रडली की तू येतेस," तो म्हणाला. "मी काही करायच्या आत तू आलेली असतेस. गुरुवारी ती रडली तर कोण येणार? आणि आईला तू चार पानं लिहून दिलीस, फ्लुरिना. तीन मुलं वाढवलेल्या बाईला. मग मला वाटलं, तुला जायचंच नाहीये. नुसतं म्हणतेयस. शेवटच्या दिवशी तूच नको म्हणशील, मग कशाला उगाच साहेबांना सांगा."

"म्हणजे माझ्यासाठी?"

"तसंच काहीसं."

हे मला लागलं, कारण त्यातला पाव हिस्सा खरा होता. मी चार पानं लिहिली होती. मी रात्री उठून तिचा श्वास मोजते. सॉसेजची ती चित्रफीत मी कालपासून नऊ वेळा पाहिली होती. या माणसाने माझी काळजी बघितली होती, नीट बघितली होती, आणि तिच्यात आपल्याला लपायला जागा आहे असं ताडलं होतं.

"तू कंडक्टरला शोधत गेलास," मी म्हणाले. "त्या म्हाताऱ्यांचा आयुष्यभराचा कॉफीचा आनंद घालवलास. बसवालीला विचारलं नसताना सांगितलंस. आणि मला एप्रिलपासून रोज घरी येऊन, बूट काढता काढता, 'उत्तर यायचंय'?"

"त्यांना सांगणं सोपं असतं," बाल्ट्स म्हणाला. "ते परत भेटत नाहीत."

आमच्या लग्नातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य मी ऐकलं ते असं, बोगद्यात, ट्रॅक्टरच्या पुढ्यात, हँडब्रेकवर हात ठेवून. उतरता येत नव्हतं, चालवता येत नव्हतं; दुसरंच कुणीतरी आम्हाला दोघांना पुढे नेत होतं.

उजेड आला तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. रेल्वेच्या माणसाने हात केला, मी मोटार उतरवली, आणि पहिल्याच रुंद जागेत थांबवली. इंजिन बंद केलं. फोनवर रेघा परत आल्या. बाल्ट्स म्हणाला, "घरी जाऊन शांतपणे बोलू या का?" मी आमानसाहेबांना फोन लावला.

"बोला, बोला! मला वाटलं तुम्ही विसरलात."

"नाही साहेब. मी येतेय. ऑगस्टपासून, चारही दिवस."

"उत्तम! आणि बाळाचं? नाही, चौकशी करणं माझं काम नाही, पण मागे तुम्ही गुरुवारचं म्हणाला होतात..."

"गुरुवारी तिचे वडील घरी असतील. ठरलंय ते."

शेजारी बाल्ट्सने श्वास घेतला तो ऐकू आला. मी फोन मांडीवर पालथा ठेवला.

"फ्लुरिना," तो हळूच म्हणाला, "पण मी अजून विचारलेलं नाही."

"ते हो म्हणतील. तूच म्हणालास."

मला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. वाटलं नाही. एका खोटेपणाला मी दुसरा जोडला होता आणि त्यावर आता आमचं घर उभं राहायचं होतं. शिवाय तो गुरुवारी काय करेल ते मला दिसत होतं: ती रडेल, हा फोन उचलेल, आणि मी कुठल्यातरी पुलाखाली दोरीला लटकत त्याला सांगत असेन, निळा डबा, वरून दुसरा कप्पा. मी फोन उचलणार नाही, असं मी तिथे गाडीत बसून ठरवलं. ते मला जमेल का, कोण जाणे. तो गुरुवार त्याच्याइतकाच माझाही होता.

बाल्ट्स माझ्याकडे वळला. काचेवर बारीक बर्फ पडून विरघळत होतं. तो आता माफी मागेल, असं मला एक क्षण वाटलं.

"गुरुवारी," तो म्हणाला, "तळघरातल्या सामाईक धुण्याच्या यंत्राची आपली पाळी असते. सकाळी सात ते संध्याकाळी सात. कुणाशी बदलून मिळणार नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि मोटार सुरू केली.